थांबू म्हणायचं कुणी?

विमान शिकायला लागल्यापासून इथल्या जुन्या लोकांशी बोलताना एक नाव हमखास निघतं, जेसिका डुब्रॉफ. पन्नाशी-साठीच्या अमेरिकन माणसाला ती पक्की आठवते, डोक्यावर टोपी, जाड जॅकेट, गोड हसणारी पोरगी. आणि पुढचं वाक्यही ठरलेलं असतं, की ती सात वर्षांची मुलगी विमान चालवत होती आणि पडली, आईबापाला काही अक्कल नव्हती. हे इतक्यांदा ऐकलं की शेवटी मी अपघाताच्या तपासाबद्दल जे मिळेल ते सगळं वाचून काढलं, सावकाश, नकाशा उघडून, वाऱ्याच्या दिशा कागदावर काढून. आणि मग राहवेना म्हणून हे लिहितेय. कारण लोक जे सांगतात ते जवळजवळ सगळं चुकीचं आहे. ती पोर अपघाताच्या वेळी विमान चालवत नव्हतीच.

मी राहते कोलोरॅडोच्या उत्तर टोकाला, आणि ज्या गावात हे घडलं ते शायेन इथून फार लांब नाही. हायवेने सरळ उत्तरेला गेलं की वायोमिंग राज्य लागतं आणि पहिलंच मोठं गाव शायेन. ज्यांनी तो रस्ता पाहिलाय त्यांना तिथला वारा सांगायला नको. झाडं नाहीत, आडोसा नाही, पश्चिमेला डोंगर आणि त्यावरून उतरणारा वारा. शायेनहून पश्चिमेला लॅरमीकडे जाणारा हायवे तर वाऱ्यामुळे हलक्या ट्रेलर्सना बंद करतात, बर्फ वगैरे काही नसताना, नुसत्या वाऱ्यामुळे. मी लहानपण नाशिकला काढलंय, तिथे वारा म्हणजे संध्याकाळी गच्चीत बसायचं निमित्त. इथे आल्यावर वाऱ्याकडे बघायची नजरच बदलली.

तर आधी काय झालं ते सांगते.

१९९६ सालचा एप्रिल. कॅलिफोर्नियात हाफ मून बे नावाचं समुद्राकाठचं गाव आहे, तिथून निघून पार दुसऱ्या किनाऱ्यावर मॅसॅच्युसेट्समधल्या फालमथला जायचं आणि परत यायचं असा बेत होता, जवळपास ६,९०० मैल, आठ दिवसांत. विमान सेसना १७७बी कार्डिनल, चार जणांचं, एका इंजिनाचं. पायलटच्या सीटवर जेसिका, वय ७, पुढच्या महिन्यात आठ पूर्ण होणार होती. उंची जेमतेम सव्वाचार फूट, वजन २५ किलो, त्यामुळे खाली उशी आणि पेडलपर्यंत पाय पोचावेत म्हणून ॲल्युमिनियमचे जोड बसवलेले. शेजारच्या सीटवर तिचा इन्स्ट्रक्टर जो रीड, वय ५२, विमान त्याचंच. मागे वडील, लॉइड डुब्रॉफ, वय ५७. कल्पना वडिलांची. त्यांनी मोहिमेला नाव दिलं होतं, टोप्या आणि टीशर्ट छापून घेतले होते, चॅनेलवाल्यांना कळवलं होतं. एबीसी न्यूजने त्यांना व्हिडिओ कॅमेरा आणि कोऱ्या कॅसेट दिल्या होत्या, प्रवासाचं चित्रण करायला.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण सगळा घोळ इथेच आहे. अमेरिकेत विमानाचं प्रायव्हेट लायसन्स १७ वर्षांच्या आत मिळत नाही, एकट्याने उडायचं तर निदान १६ लागतात. म्हणजे सात वर्षांची मुलगी कायद्याच्या भाषेत पायलट असूच शकत नाही. तिच्या नावावर ३३ तासांच्या आसपास उड्डाण होतं, तेही सगळं इन्स्ट्रक्टर शेजारी बसून. कागदावर त्या विमानाचा पायलट इन कमांड एकच, जो रीड. जबाबदारी त्याची, निर्णय त्याचा, आणि तो स्वतः या मोहिमेकडे फार मोठं काही म्हणून बघत नव्हता. त्याच्या लेखी शेजारी एक लहान मुलगी बसवून देशाच्या या टोकाहून त्या टोकाला जायचं, पैसे तिचे आईवडील देणार, एवढंच होतं ते. तो मूळचा स्टॉकब्रोकर. ठरलेली फी आणि कामाचे दिवस बुडतील त्याची भरपाई असं वडिलांशी बोलणं झालेलं.

आणि जगाच्या लेखी पायलट कोण? जेसिका. टीव्हीवर तीच, पेपरात तीच. रीडचं नाव मला सांगा किती जणांना माहीत असतं.

गंमत म्हणजे विक्रम असा काही नव्हताच. गिनीजवाल्यांनी सर्वात लहान पायलट हा प्रकार १९८९ मध्येच बंद करून टाकला होता, पोरांना धोक्यात घालायला प्रोत्साहन नको म्हणून. म्हणजे मोजणारं कुणी नव्हतं. फक्त कॅमेरे होते.

१० एप्रिलला सकाळी निघाले. नेवाडातल्या एल्कोला थांबले, मग वायोमिंगमध्ये रॉक स्प्रिंग्ज, मग संध्याकाळी शायेन. मोठा दिवस. वाटेत एका टप्प्यात जेसिका झोपून गेली, आणि एका लँडिंगला जोराचा वारा होता म्हणून रीडला मदत करावी लागली. शायेनला माध्यमांची माणसं वाट बघत होती. रात्री रीडने बायकोला फोनवर सांगितलं की थकलोय. हे वाचताना मला पोटात कसंतरी झालं, कारण छोट्या विमानात दिवसभर वाऱ्यात हादरे खात गेल्यावर जो थकवा येतो ना तो झोपून उठलं तरी अंगात राहतो, आणि सकाळी आपल्याला वाटतं आपण फ्रेश आहोत.

११ एप्रिलची सकाळ. पुढचा मुक्काम लिंकन, नेब्रास्का, म्हणजे पूर्वेला. वादळ येतंय पश्चिमेकडून. रीडने पायलटना हवामानाची माहिती देणाऱ्या माणसाशी फोनवर बोलून घेतलं, त्याने बर्फ धरण्याचे, हादऱ्यांचे, खराब दृश्यमानतेचे जे इशारे होते ते सांगितले. पूर्वेला मात्र चांगलं दिसतंय असंही निघालं. आता हे जे "पूर्वेला चांगलं आहे" असतं ना, हे फार वाईट. सगळीकडे खराब असेल तर माणूस मुकाट्याने हॉटेलवर परत जातो. पण थोडंसं पलीकडे ऊन आहे असं दिसलं की वाटतं फक्त एवढं ओलांडलं की झालं. स्थानिक रेडिओच्या माणसाने जेसिकाची फोनवर मुलाखत घेतली तेव्हा म्हणालासुद्धा, वादळ येतंय तर राहा की आज शायेनमध्ये. वडिलांनी नको म्हटलं. वादळाच्या आधी निघायचंय म्हणाले.

इथे मी बराच वेळ थांबले होते. कारण बघा, विचारलं कुणी, तर एका रेडिओवाल्याने. आणि उत्तर दिलं कुणी, तर मागच्या सीटवर बसणाऱ्या प्रवाशाने.

मग विमानात बसले. रीडने इंजिन सुरू केलं तेव्हा पुढच्या चाकाला लावलेली अडण तशीच होती, ती काढायला परत इंजिन बंद करावं लागलं. घाईतल्या माणसाची ही खूण आहे. चेकलिस्टमध्ये पहिल्या काही ओळींत असतं हे. पाऊस सुरू झालेला. जेसिका त्या वेळात आईशी फोनवर बोलत होती आणि आईला विचारत होती की तुला पाऊस ऐकू येतोय का.

टॉवरने सांगितलं की दृश्यमानता तीन मैलांच्या खाली गेलीय, म्हणजे नेहमीच्या नियमाने डोळ्यांनी बघून उडायला परवानगी नाही. त्यावर खास परवानगी मागता येते, ती रीडने मागितली आणि मिळाली. टॉवरने वारा सांगितला, २८० अंशावरून, म्हणजे जवळजवळ पश्चिमेकडून, २० नॉट, झोत ३० नॉटपर्यंत (एक नॉट म्हणजे ताशी साधारण १.८५ किलोमीटर). आणि हेही सांगितलं की नुकतंच एक दोन इंजिनांचं सेसना उडालं, त्याच्या पायलटने वर गेल्यावर विंड शिअर, म्हणजे वाऱ्याचा वेग एकदम बदलणं, कळवलाय, अधिकउणे १५ नॉट.

सकाळी ८ वाजून २४ मिनिटांच्या सुमारास टेकऑफ. रनवे ३०.

आता मी थोडं तांत्रिक सांगणार आहे, कंटाळा करू नका, कारण "वाऱ्याने पाडलं" असं म्हणून सोडून देता येत नाही. रनवे ३० म्हणजे तोंड ३०० अंशाकडे. वारा २८० वरून. म्हणजे वारा जवळजवळ समोरून होता, जरासा डावीकडून. समोरचा वारा टेकऑफला चांगलाच असतो, विमान कमी अंतरात वर उठतं. आडव्या वाऱ्याने ढकललं वगैरे भानगड इथे नव्हती. प्रश्न दोन होते, झोत आणि वळण.

झोताचं असं असतं. पंखाला जमिनीशी काही देणंघेणं नाही, त्याला फक्त स्वतःवरून किती वेगाने हवा जातेय तेवढंच कळतं. समोरून ३० नॉटचा वारा असताना तुम्ही समजा ७५ नॉट दाखवत चढताय, आणि एका सेकंदात वारा १५ नॉटने पडला, तर विमान तेवढ्या वेळात पळून वेग भरून काढू शकत नाही, त्याला वजन आहे. काटा धाडकन साठीवर येतो. आणि अशा विमानाचा स्टॉल, म्हणजे जिथे पंख उचलणं सोडून देतो तो वेग, सरळ उडताना पंचावन्न-साठ नॉटच्या आसपास. म्हणजे हातात उरलं काय? आणि त्यात वळायला विमान कलंडवलं की स्टॉलचा वेग आणखी वर सरकतो, ३० अंशाला साधारण ७ टक्के, ४५ अंशाला १९ टक्के. हे आकडे प्रत्येक शिकाऊ पायलटला पाठ असतात, रीडलाही होतेच. त्याच्याकडे जवळपास १,५०० तासांचा अनुभव होता, तो काही नवशिक्या नव्हता.

मग उंची. शायेनचा विमानतळ समुद्रसपाटीपासून ६,१५० फुटांच्या आसपास आहे. आपल्या हिशोबात सांगायचं तर कळसूबाईच्या शिखरापेक्षा दोनशेहून जास्त मीटर उंच, आणि तो त्या गावाचा सपाट रनवे आहे! इतक्या उंचीवर हवा विरळ. त्यात त्या दिवशीच्या तापमान-दाबाचा हिशोब धरून जी डेन्सिटी अल्टिट्यूड येते, म्हणजे विमानाला हवा जितक्या उंचीवरची असल्यासारखी वाटते ती उंची, ती ६,६७० फूट. असल्या हवेत साधं इंजिन, टर्बो नसलेलं, आपली जवळपास पाचवा हिस्सा ताकद घालवून बसतं. प्रोपेलरलाही पकडायला हवा कमी. त्यामुळे चढण्याचा वेग मरतो. हाफ मून बेचा रनवे समुद्राला लागून. रीडची सवय तिथली. मीही पहिल्यांदा समुद्रकाठच्या एका विमानतळावरून उडाले तेव्हा तेच मॉडेलचं विमान असं काही सुटलं की मला वाटलं इंजिनच वेगळं आहे. उलट बाजूने येणाऱ्याचं काय होत असेल याची कल्पना त्या दिवशी आली, तिथल्या माणसाला इथे विमान आजारी असल्यासारखं वाटणार.

मग वजन. टेकऑफच्या वेळी विमान ठरलेल्या मर्यादेपेक्षा ९६ पाउंड जास्त होतं, म्हणजे साधारण ४४ किलो. मर्यादा २,५०० पाउंडांची. याने स्टॉलचा वेग दोनेक टक्के वाढतो. ऐकायला काहीच नाही. पण उंची, पाऊस, झोत, थकवा, प्रत्येकाने थोडं थोडं घेतलं आणि शेवटी शिल्लक काही राहिलंच नाही.

आणि वळण. उडाल्यावर विमान उजवीकडे वळायला लागलं, पूर्वेला जायचं होतं, वादळाकडे पाठ करायची होती. समोरचा वारा आता हळूहळू पाठीमागून यायला लागतो. जमिनीपासून फार वर नसताना असं वळलं की खालची घरं, रस्ते भराभर मागे जाताना दिसतात आणि डोळ्याला वाटतं अरे वेग तर भरपूर आहे, खरं तर तो वाऱ्याने दिलेला जमिनीवरचा वेग असतो, पंखाला त्यातलं काहीच मिळत नाही. माझ्या इन्स्ट्रक्टरने हे मुद्दाम दाखवलं होतं, वारा चांगला असताना, सुरक्षित उंचीवरून, आणि म्हणाला काट्याकडे बघ खाली बघू नकोस. मी शपथेवर सांगते की माहीत असूनही हात आपोआप थ्रॉटल कमी करायला जातो, इतकं ते खरं वाटतं.

ज्यांनी जमिनीवरून पाहिलं त्यांनी सांगितलं की विमान फार वर गेलंच नव्हतं, नाक वर करून डगमगत होतं, आणि मग एकदम जवळजवळ सरळ खाली आलं. विमानतळाजवळच्याच वस्तीत पडलं. तिघंही जागीच गेले. वस्तीत कुणाला इजा झाली नाही.

तपास एनटीएसबीने केला, म्हणजे वाहतूक अपघातांचा तपास करणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी संस्थेने. अपघाताच्या वेळी विमान रीडच चालवत होता, हे त्यांनी स्पष्ट म्हटलंय. कारण दिलं ते असं, की बिघडत चाललेल्या हवेत, हादरे, झोत, पुढे सरकणारं वादळ आणि पाऊस असताना, विमानात वजन जास्त असताना, आणि सवयीपेक्षा जास्त डेन्सिटी अल्टिट्यूड असताना टेकऑफ करायचा पायलट इन कमांडचा निर्णय चुकीचा होता, आणि त्यातून वेग राखता न आल्याने स्टॉल झाला. इथपर्यंत कुठल्याही अहवालात असतं तसंच. पण पुढची ओळ मी दोनदा वाचली. हातभार लावणारं कारण म्हणून त्यांनी लिहिलंय की फाजील महत्त्वाकांक्षी वेळापत्रक पाळायची इच्छा, आणि तीही काही अंशी माध्यमांना दिलेल्या शब्दांमुळे. वेळापत्रक हा शब्द अपघाताच्या कारणांत येतो. इंजिन ठीक होतं. पंख ठीक होता.

आता मला जे वाटतं ते.

त्या विमानात थांबू म्हणायचं काम कुणाचं होतं? कागदावर रीडचं. पण गोष्टीत रीड नव्हताच, गोष्टीत जेसिका पायलट होती. कागदावरचा पायलट आणि गोष्टीतला पायलट जेव्हा वेगळे होतात तेव्हा कागदावरच्या पायलटला नाही म्हणायचं तर आख्खी गोष्टच मोडायला लागते. नेहमीच्या प्रवाशाला सांगणं सोपं आहे, साहेब हवा खराब आहे, उद्या निघू, तो चिडेल, जास्तीत जास्त दुसरा पायलट शोधेल. इथे सांगायचं कुणाला? बापाला, ज्याने टोप्या छापल्यात आणि जो तुमच्या बुडालेल्या दिवसांचे पैसे भरतोय. कॅमेऱ्याला, जो पुढच्या गावात उभा आहे. आणि त्या पोरीला, जिला सगळे सांगतायत की तू पायलट आहेस. आणि वडील तरी काय, त्यांच्या दृष्टीने वैमानिक माणूस शेजारी बसलाय, त्याला धोका वाटला तर तो बोलेलच. म्हणजे रीड बापाकडे बघतोय, बाप रीडकडे बघतोय, आणि दोघांच्या मध्ये सात वर्षांचं पोर. आईबापाला अक्कल नव्हती म्हणून मोकळं होणाऱ्या लोकांचा मला राग येतो तो यासाठी. अक्कल असलेली, प्रेम करणारी, अनुभवी माणसंच तिथे होती. थांबायचा अधिकार मात्र कुणाच्याच हातात पूर्ण नव्हता.

आणि माध्यमांनी नंतर काय केलं? टाइम मासिकाने मुखपृष्ठावर विचारलं की जेसिकाला मारलं कुणी. मला हा प्रश्न विचारायचा त्यांचा हक्क मान्य आहे, पण त्या सकाळपर्यंत एकाही कॅमेऱ्याने हे विचारलेलं मला सापडलं नाही की वादळ आलं तर तुमचा बेत काय, एक दिवस राखीव ठेवलाय का. आठ दिवसांत ६,९०० मैल, छोट्या विमानाने, एप्रिलमध्ये, रॉकी पर्वत ओलांडून! इथे एप्रिल म्हणजे वसंत ऋतू नव्हे, सकाळी ऊन दुपारी बर्फ असा महिना आहे. कुठल्याही स्थानिक पायलटने सांगितलं असतं की यात निम्मे दिवस नुसते बसून काढायचे म्हणून धरा.

वारा मोठमोठ्यांना सोडत नाही हेही सांगायला हवं, नाहीतर वाटेल की हे छोट्या विमानांचंच आहे. शायेनच्या दक्षिणेला दीडेकशे किलोमीटरवर डेन्व्हर. तिथे २० डिसेंबर २००८ ला संध्याकाळी कॉन्टिनेंटल कंपनीचं बोईंग ७३७, ह्यूस्टनला जाणारं, ११५ माणसं आत, टेकऑफसाठी धावत असतानाच रनवे सोडून डावीकडे गेलं आणि पेटलं. टॉवरने वारा २७ नॉट सांगितला होता, आणि धावता धावता जो आडवा झोत बसला तो ४५ नॉटचा निघाला. डोंगरावरून येणाऱ्या वाऱ्याच्या लाटा, त्याच ज्या आमच्याकडे कचऱ्याचे डबे रस्त्याच्या टोकाला नेऊन ठेवतात. सगळे वाचले, बरेच जखमी झाले. तपासात कॅप्टनने रडर, म्हणजे शेपटीवरचं दिशा सांभाळणारं सुकाणू, सोडलं यावर ठपका आला, पण त्याबरोबरच हेही आलं की जास्त झोत दाखवणारी माहिती विमानतळावर उपलब्ध होती आणि ती पायलटला द्यायची पद्धतच नव्हती, आणि सिम्युलेटरमध्ये असल्या झोतांचा सरावही नीट करून घेत नव्हते. म्हणजे तिथे पायलटला कळलंच नव्हतं. शायेनमध्ये सगळं कळलं होतं. वारा, झोत, शिअर, दृश्यमानता, सगळं रेडिओवर स्पष्ट सांगितलं होतं, आणि तरी निघाले. मला शायेनचं जास्त लागतं ते त्यामुळेच.

त्यानंतर कायदा झाला. ऑक्टोबर १९९६ मध्ये क्लिंटनच्या सहीने, चाइल्ड पायलट सेफ्टी ॲक्ट. विक्रम, स्पर्धा किंवा असल्या पराक्रमासाठी उडताना लायसन्स नसलेल्याच्या हातात कंट्रोल द्यायचे नाहीत, पायलटने दिले तर त्याचं लायसन्स जाऊ शकतं. चांगला कायदा आहे, हवाच होता. पण मुलांनी इन्स्ट्रक्टरबरोबर साधं उडण्यावर बंदी नाही, आणि ती नाही हे मला बरोबर वाटतं. जेसिकाच्या आईने, लिसा हॅथवेने, लेक गेल्यावरही जाहीरपणे विनवलं होतं की मुलांना उडावंसं वाटत असेल तर उडू द्या. त्याबद्दल तिला लोकांनी काय काय बोलून घेतलं. मी तिच्या बाजूची आहे. माझी मुलगी साधारण त्याच वयाची आहे, तिला विमानात बसायला आवडतं, ती पायलट होईल न होईल, पण ढगाच्या वर गेल्यावर तिचा चेहरा जसा होतो तसा मी आणखी कुठे बघितला नाही. तो मी का काढून घेऊ?

पण सर्वात लहान, सर्वात पहिली, इतक्या दिवसांत, हे शब्द मात्र आमच्या घरात येऊ देणार नाही. आपल्याकडेही हे वाढत चाललंय, चार वर्षांच्या पोराला गड चढवून वर सर्टिफिकेटसाठी फोटो, पोहण्याचे विक्रम, आणि मग तारीख ठरलेली, पाहुणे बोलावलेले, बॅनर लागलेले. पोर त्या दिवशी तापलं असेल तर? पाऊस असेल तर? बॅनर छापल्यावर पुढे ढकलू म्हणायची ताकद घरातल्या कुणात असते हे ज्याने त्याने बघावं. आणि मुलं फार समंजस असतात हो, मोठ्यांचा उत्साह मोडायला नको म्हणून दुखत असलं तरी हो म्हणतात.

आमच्या छोट्या विमानतळावर मी आता जे करते ते एवढंच. वाऱ्याची माझी मर्यादा घरी, शांत बसून, कागदावर लिहून ठेवलीय, सरळ वारा किती, आडवा किती, झोताचा फरक किती. रनवेवर गेल्यावर ती वाढवायची नाही, कमी करायची मुभा आहे. वजनाचा हिशोब दर वेळी नव्याने, अंदाजे नाही. विमानात बसणारा कुणीही, माझी मुलगीसुद्धा, नको म्हणाली तर त्या दिवशी नको, कारण विचारायचं नाही. आणि कुणाकडे विमानाने जाणार असेन तर पोचायची वेळ सांगत नाही. बहीण दोन राज्यं सोडून राहते, तिला हे मुळीच आवडत नाही, ताई तू येणार की नाही एकदा नक्की सांग, मी पुरणाचं घालू की नको, असं तिचं चालू असतं. मी म्हणते घाल, हवा असली तर मी उडत येईन, नसली तर दुसऱ्या दिवशी गाडीने येऊन शिळी पोळी खाईन.